अक्काचं बोलणं, जसंच्या तसं

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हाताला सफाई अशी की नेकनूरकडच्या बायकासुद्धा एसटीनं येऊन मापं देऊन जातात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते; पण घरात माझी कायमची नोकरी म्हणजे अक्काचं बोलणं लोकांना सांगायचं आणि लोकांचं अक्काला.

ती बोलते हातांनी, भुवयांनी आणि गरज पडली तर खांद्यांनीसुद्धा. बोलते मात्र फार तिखट. म्हणून लोकांना सांगताना मी त्यात पाणी घालायचे. "शिवायचंय का नुसतीच चौकशी?" असं ती एखादीला म्हणाली की मी सांगायचे, "अक्का म्हणती, बसा, पाणी घ्या." त्यामुळं अक्काचा स्वभाव लई गोड, अशी गावभर ख्याती होती.

मग तिच्या दुकानासमोरच्या नालीवरचा सिमेंटचा ढापा तुटला. एक गिऱ्हाईक साडीसकट गुडघ्यापर्यंत आत गेलं. आम्ही दोघी नगरपालिकेत गेलो. इंजिनिअर साहेब "बघतो" म्हणाले. पुन्हा गेलो, पुन्हा "बघतो". तिसऱ्या वेळी अक्कानं हात असे काही फिरवले की टेबलावरचे कागद उडाले.

"काय म्हणत्यात ताई?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्यामागं लई कामं असत्यात, ते तिला कळतंय म्हणती," मी म्हणाले.

साहेबांनी गहिवरून अक्काला हात जोडले. एवढं ऐकून घेऊन हात जोडणारा माणूस अक्का पहिल्यांदाच बघत होती. तिनं माझ्याकडं वळून डोळे बारीक केले आणि घरी आल्यावर मोबाइलवर लिहून दाखवलं, "तू नको. तू खोटं सांगतीस."

तिच्या कर्णबधिरांच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी फोनवर एकमेकींना हातांनी बोललेले व्हिडिओ पाठवतात. त्यातल्या एकीनं तिला सांगितलं की सरकारी कचेरीत आपल्या भाषेचा दुभाषी मागायचा आपल्याला हक्क आहे. अक्कानं लगेच अर्ज दिला. उत्तर आलं की अधिक माहितीसाठी कार्यालयाच्या दूरध्वनीवर बोलावे. ते उत्तर तिनं आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना दाखवलं आणि मग नेऊन मुख्याधिकारी मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, कपाळाला हात लावला आणि परळीहून दुभाषी बोलावली.

पंचविशीतली मुलगी होती ती. आईवडील दोघंही न ऐकणारे, त्यामुळं हातांची भाषा ही तिची घरचीच भाषा. ती इंजिनिअर साहेबांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली, म्हणजे अक्काला दोघंही एकदम दिसावेत. मला कोपऱ्यातली खुर्ची दाखवली.

"बसा ताई. काय अडचण हाय?" साहेब म्हणाले.

अक्काचे हात सुरू झाले तशी दुभाषी बोलू लागली, "माझ्या दुकानासमोरचा ढापा तुटलाय. मी इथं तीनदा येऊन गेले."

साहेब दचकून तिच्याकडं वळले. "तुमी? तुमी कवा आल्त्या? तुमी तर परळीच्या ना?"

"मी नाही, त्या आल्या होत्या. त्यांचं बोलणं मी 'मी' म्हणूनच सांगणार."

"आसं हाय का," साहेब म्हणाले. पण चेहऱ्यावर काही उजेड दिसेना.

अक्कानं पुढं चालू ठेवलं. "मला ऐकू येत नाही," दुभाषी म्हणाली.

ते ऐकून दाराजवळचा बाबू लगबगीनं उठला, तिच्या कानाशी आला आणि सगळी ताकद लावून ओरडला, "सायेब इचारत्यात, काय तकलीफ हाय!"

मुलगी कान दाबून बाजूला झाली. "मला येतं ऐकू!"

"मग न्हाई कावून म्हणता?"

हे सगळं समजवण्यात बराच वेळ गेला. अक्का मात्र बघत बसली होती आणि फार वर्षांनी एखादा चांगला तमाशा बघायला मिळाल्यासारखी खुश होती. मग तिनं साहेबांना नखशिखान्त न्याहाळलं आणि हात चालवले. दुभाषी शांतपणे, बातम्या वाचाव्यात तशी म्हणाली, "साहेब, तुमच्या सदऱ्याची बटणं खालवर लागलीत. स्वतःच्या पोटावरचं झाकण ज्याला नीट बसवता येत नाही, तो नालीवरचं काय बसवणार?"

मी डोळे मिटले. साहेबांनी मान घालून सदऱ्याकडं बघितलं. खरंच एक बटण चुकलं होतं. ते बाबूकडं झुकून हळूच म्हणाले, "लई तिखट हाय बे ही बाई."

दुभाषीचे हात हलले. साहेब घाबरले. "आवं, ते कशाला सांगता?"

"खोलीत जे बोललं जातं ते सगळं सांगायचं असतं," ती म्हणाली. आणि हेही तिनं अक्काला सांगितलं.

अक्का मोठ्यानं हसली. तिचं हसणं गडगडाटी आहे. आधी बाबू हसला, मग नाइलाजानं साहेब. हसताहसता त्यांनी गवंड्याला फोन लावला.

बाहेर चहाच्या टपरीवर अक्का आणि ती मुलगी भराभरा बोलत होत्या, खिदळत होत्या. माझे हातवारे घरगुती, भाजीभाकरीपुरते; त्यांचा वेग काही झेपेना. आपलीच थट्टा चाललीय असं वाटून मी शेवटी विचारलं, "काय म्हणती अक्का?"

"तुम्हीच विचारा की तिला," मुलगी म्हणाली.

विचारलं. अक्कानं मंद पोराला समजवावं तसं सावकाश सांगितलं, की मुलीला ब्लाउज शिवायचाय आणि गळा मागून किती खोल ठेवायचा यावर चर्चा चाललीय.

त्याच आठवड्यात गवंडी आला. मला कुणी निरोप धाडला नाही. शाळा सुटल्यावर उत्सुकतेनं गेले तर ढापा बसलेला, वरून ओलं गोणपाट टाकलेलं. गवंडी दुकानात चहा पीत बसला होता आणि दोन्ही हात उडवून, गाल फुगवून अक्काला आपल्या सासूची गोष्ट सांगत होता.