वन्संची पलंगाएवढी पुस्तकं

बाकीचं जग पुस्तक हातात घेऊन वाचतं. आमच्या वन्सं पुस्तकाभोवती फिरून वाचतात. यात अतिशयोक्ती असलीच तर अगदी किंचित आहे. त्यांचं पुस्तक मांडीवर मावत नाही, टेबलावर ठेवलं तर त्याच्या कडा बाहेर लोंबतात, आणि समोर बसून बघायचं म्हटलं तर वरच्या कोपऱ्यापर्यंत नजर पोचत नाही. म्हणून ते दिवाणावर उघडं निजवायचं आणि आपण कमरेवर हात ठेवून डावीकडून उजवीकडे सरकत जायचं. नवीन माणसाला दारातून वाटतं, घरात कुणीतरी आजारी आहे आणि वन्सं त्याची विचारपूस करतायत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सोलापुरातल्या एका शाळेत गणित शिकवण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या. ‘आमच्याकडे’ हा माझा शब्द. घराच्या कागदांवर त्यांचं नाव आधी आहे. शाळेत त्या छापील पुस्तकासारखं बोलायच्या आणि घरी आल्या की चपलांबरोबर ती भाषाही दारात काढून ठेवायच्या. वर्गात त्यांना सगळ्यात जास्त चीड खाडाखोडीची. उत्तर बरोबर असलं तरी खोडून लिहिलेलं दिसलं की गुण कापायच्या. दुसरी चीड चित्रकथांची. बाकाखाली एखादं चित्रांचं पुस्तक सापडलं की ते जप्त. मात्र जप्त केलेलं पुस्तक त्या स्टाफरूममध्ये बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, आणि परत देताना त्या पोराला दटावून विचारायच्या, “याच्या पुढचा भाग कोणाकडे आहे?”

तर अशा बाईंना माझ्या मुलानं, तो बंगळुरूला नोकरीला आहे, वाढदिवसाला एक पुस्तक पाठवलं. कुरिअरवाल्यानं खोकं भिंतीला टेकवून घाम पुसत विचारलं, “मॅडम, टीव्ही बसवायला माणूस बोलावलाय का?” आत निघालं ते पुस्तक. परदेशातल्या कुणा चित्रकथाकाराच्या मूळ चित्रांचं. हे चित्रकार आधी मोठ्या जाड कागदावर चित्र काढतात. छापताना ते लहान होतं आणि चुका त्यात विरून जातात. या पुस्तकांत मात्र तो मूळ कागदच, जसाच्या तसा, त्याच मापाचा छापलेला असतो. शाई कुठं दाट बसली, कुठं ब्रश सुकत आला, कुठं नाक चुकलं म्हणून वर पांढरा रंग फासला, कुठं संवाद बदलला म्हणून चिठ्ठी चिकटवली आणि तिचा डिंक पिवळा पडला, सगळं दिसतं. एका पानावर चहाच्या कपाचा गोल होता. मी तो ओल्या फडक्यानं पुसायला निघाले होते. छापील आहे हे मला हात लावल्यावर कळलं.

“पण पुढं काय होतं त्या माणसाचं?” मी विचारलं. कारण गोष्ट मध्येच तुटली होती.

“गोष्ट कोण बघतंय? हा हात बघ. पुन्हा पुन्हा काढलाय ह्यानं. खालचे सगळे हात दिसतेत. येवढा मोठा माणूस, आन् हात जमंना त्याला!” वन्संच्या आवाजात असा आनंद मी पूर्वी ऐकला नव्हता.

“तुमच्या वर्गात असता तर?”

“नापास केला असता की,” त्या प्रेमानं म्हणाल्या.

तिथून निवृत्तीवेतनाला वाट फुटली. पुस्तकं येत गेली, आणि घरातल्या वस्तू एकेक करून त्यांच्यासाठी सरकत गेल्या. कपाटात ती मावेनात, म्हणून दिवाणाखाली गेली. दिवाणाखालच्या फरशीचा गारवा त्यांना बाधू नये म्हणून माझ्या चांगल्या चादरी त्यांच्या अंगाभोवती गेल्या. सोलापुरात राहून माझ्याकडे पाहुण्यांना पांघरायला धड चादर उरली नाही, ही लाज मी अजून कुठं बोललेले नाही. पुस्तक उघडायच्या आधी हात साबणानं धुवायचे, पुसायचे, मग सुकेपर्यंत वर धरून उभं राहायचं. जेवणात शेंगाची चटणी असेल त्या दिवशी पुस्तक बंद, कारण तिचं तेल बोटांवरून जात नाही म्हणे. आणि पान उडतं म्हणून पंखा बंद. सोलापुरात. मे महिन्यात. कुर्डुवाडीचे आमचे चुलत सासरे एकदा मुक्कामाला आले होते. त्यांनी ते पुस्तक चहूबाजूंनी न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “सूनबाई, वाचून झाल्यावर ह्याचा पाट करता येतो का?”

मी तेव्हा ठरवलं होतं, या घरात एक तर ती पुस्तकं राहतील, नाहीतर मी. हा निर्णय मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीबरोबर जाहीर केला, त्यामुळे तो कुणाच्याच कानावर गेला नाही.

पुढं जे झालं ते माझ्या स्वाभिमानाला शोभणारं नाही. वन्सं एका सकाळी बँकेत गेल्या होत्या. मी झाडायला म्हणून एक पुस्तक बाहेर काढलं, या बाईला यात दिसतं तरी काय म्हणून उघडलं, आणि त्या परत आल्या तेव्हा मी हात धुऊन, पंखा बंद करून दिवाणाभोवती फिरत होते. गॅसवरची भेंडी कोळसा झाली होती. वन्संनी नुसता गॅस बंद केला आणि शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर मी त्यांच्याहून वाया गेले. कुरिअरवाल्याला “कोपरा, कोपरा सांभाळा!” असं ओरडू लागले. लग्नपत्रिका आली की तारीख सोडून कुठं खोडलंय का ते बघू लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गल्लीतल्या बायकांना पांढऱ्या रंगाच्या थरावर इतकं समजावून सांगितलं, की निम्म्या जणी वाण न घेताच गेल्या.

आणि मग त्या निळ्या पेन्सिलीवरून आमचं भांडण झालं.

हे चित्रकार शाई लावण्याआधी फिकट निळ्या पेन्सिलीनं कच्चं चित्र काढतात, कारण ते निळं छापलेल्या गोष्टीत उमटत नाही; मूळ कागदाच्या या पुस्तकांत मात्र ते दिसतं. हे मला वन्संनीच प्रस्तावनेत वाचून शिकवलं होतं. एका दुपारी नव्या पुस्तकाच्या एका पानावर मला शाईखाली निळ्या रेघांचं जाळंच दिसलं. मी हरखून म्हणाले, “वन्सं, केवढी निळी पेन्सिल वापरलीय ह्यानं!”

“कुठं?”

“ही काय. सगळीकडे.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “काही न्हाई तितं. कोरा कागद हाय.”

“अहो, आहे!”

“गणितात किती मार्क होते गं तुला?”

यावर कुठल्याही सुनेनं करावं तेच मी केलं. अबोला धरला. त्याआधी ह्यांना पंच म्हणून बोलावलं. ह्यांनी पान बघितलं, बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि “मला दोघींचंही पटतं” असं म्हणून गच्चीवर निघून गेले. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ते हळूच आत आले. म्हणाले, “निळं आहे गं. मलाही दिसलं.”

“मग तिथं का नाही बोललात?”

“ताईला दिसत नाहीये.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तोवर मी फक्त जिंकायच्या विचारात होते. मग एकेक आठवायला लागलं. पुतणीच्या लग्नात माझ्या नव्या निळ्या साडीला वन्सं “राखाडी बरी हाय” म्हणाल्या होत्या, आणि तो टोमणा समजून मी तो जपून ठेवला होता. हल्ली त्या पायरीवर थांबून पाय पुढं टाकायच्या. मला वाटायचं, बाई रुबाबात चालतात.

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पिकलेला. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलंय, म्हणून फिकट निळं दिसत नाही. एका वेळी एक डोळा करू. वन्सं सगळं मान हलवत ऐकत होत्या. परत येताना रिक्षात मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी असं धरलं नव्हतं.

“दिसलंच न्हाई तर?” त्या म्हणाल्या.

“दिसेल की. आता ऑपरेशननंतर सगळ्यांना दिसतं.”

“न्हाई दिसलं तर पुस्तकं कुणालातरी देऊन टाक. पण कोपरे सांभाळणाऱ्याला दे.”

“नाही देणार,” मी म्हणाले. “मी शेजारी उभी राहून सांगेन तुम्हाला, कुठं काय आहे ते.”

“तू?” त्या डोळे पुसत हसल्या. “तुला चित्रातला डावा हात कुठला आन् उजवा कुठला ते तरी कळतंय का?” पण मनगट सोडलं नाही.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वन्संनी तक्त्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अगं बया, तू किती म्हातारी झालीस!” आणि लगेच, तक्रार केल्यासारखं, “साडी निळी हाय की तुझी!” मी रडायला लागले. सुरकुत्यांचं मनाला लागलं असावं असं समजून नर्सनं मला पाणी दिलं.

डॉक्टरांनी काही आठवडे वाकायला मनाई केली होती. वाकायचं नाही म्हणजे दिवाणावरचं पुस्तक बघायचं नाही. वन्संनी यावर उपाय काढला: त्या खुर्चीत ताठ बसणार, आणि लग्नात अंतरपाट धरतात तसं पुस्तक एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ह्यांनी उभं धरायचं. ह्यांनी दोन दुपारी धरलं, मग त्यांना बाहेरची कामं आठवू लागली. मी राहिले. पुस्तकाची एक कड टेबलाला टेकवायची आणि दुसरी हातात. वन्संनी सगळी पुस्तकं पहिल्यापासून काढायला लावली. पानापानावर निळं होतं. “हितं बी हाय! हितं बी! लई हाय गं!” मी एकदाही ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हणाले नाही. निदान मोठ्यानं नाही.

मुलानं पाठवलेलं पहिलं पुस्तक आम्ही सगळ्यात शेवटी घेतलं. त्यात एक पान आहे. रिकामा रस्ता, आणि शेवटच्या चौकटीत एक माणूस पाठमोरा चालत निघालाय. वन्संनी ते किती वेळा बघितलं असेल, सांगता येत नाही. त्या दिवशी मात्र त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

“कुत्रा हाय,” त्या म्हणाल्या.

मी कडेवरून वाकून बघितलं. त्या माणसाच्या शेजारी, निळ्या रेघांत, एक कुत्रा चालत होता. शेपूट वर, मान मालकाकडे वळवलेली. चित्रकारानं तो काढला होता आणि त्याला शाई दिली नव्हती.

“राहून गेलं असेल,” मी म्हणाले.

“राहून न्हाई गेलं. नको वाटला असंल.” मग माझ्याकडे वळून, “छापलेल्या गोष्टीत न्हाई ना हा?”

“नाही. निळं उमटत नाही छापताना.”

“म्हणजे लोकांनी एकटा माणूसच बघितला.” वन्संनी बोट पुढं केलं. हात धुतले होते की नाही कोण जाणे, बोट कागदाजवळ जाऊन थांबलं. “असू दे. चालतोय की बिचारा संगं.”

माझा हात भरून आला होता. एरवी वन्सं पान उलटायला सांगतात, त्या सांगण्याची मी वाट बघत होते. त्यांनी सांगितलं नाही. मी पुस्तक तसंच धरून उभी राहिले.