शुक्रवारची सुटी

आमोण्याचा सगुण गावस पाळी गावच्या एका खाणीवर हजेरी-कारकून म्हणून लागला, ते गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी. फाटकाजवळ पत्र्याची एक खोली होती, तिला सगळे टाइम ऑफिस म्हणत. कोण आला, कोण नाही, कुणाची ड्युटी कुठल्या शिफ्टला आणि कुणाची सुटी कुठल्या वारी, हे तिथं बसून लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण एवढ्याशा कामाने त्याला दोनशे माणसांची घरं ठाऊक झाली होती. सुटीचा तक्ता करताना तो आधी विचारायचा. अमक्याच्या गावची जत्रा कधी, तमक्याच्या बापाचं वर्षश्राद्ध कधी, कुणाची बायको माहेराहून कधी यायची. मग खोडरबर घेऊन बसायचा. एकाची सुटी उचलून दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, आणि महिनाअखेरीला सगळ्यांचं कसंबसं जमवून द्यायचा. कागद काळानिळा होई, पण कुणी कुरकुर करत नसे.

दोन हजार सहा साली खोलीत कॉम्प्युटर आला. मुख्य कचेरीतून सुधीर नावाचा एक तरुण दोन दिवस येऊन सगुणला शिकवून गेला. पहिल्या चौकोनात सुटीची तारीख लिहायची. खालच्या चौकोनात बरोबरचं चिन्ह, वरच्या चौकोनाचं नाव आणि अधिक सात. मग त्याचा कोपरा धरून खाली ओढायचं. सगुणने ओढलं आणि वर्षाचे सगळे मंगळवार भराभर खाली उतरले. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी किती दिवसांचा, काही बघावं लागलं नाही. त्या दिवशी पन्नाशीला टेकलेला हा माणूस हरखून गेला. घरी जाऊन त्याने बायकोला, पार्वतीला, दोनदा सांगितलं.

त्यानंतर तक्ता वर्षाचा एकदाच होऊ लागला. स्वच्छ, खाडाखोड नसलेला. साहेबांनी कौतुक केलं. विचारपूस मात्र हळूहळू थांबली. ती थांबली हे सगुणच्या लक्षातही आलं नाही.

धोंडिबा हा डंपरवरचा ड्रायव्हर. दोडामार्गच्या बाजूचा, सिंधुदुर्गातला. पाळीला भाड्याची खोली करून राहायचा आणि दर मंगळवारी गावी जायचा. चाळीस-बेचाळीसचा, अंगाने मजबूत, पण अगदी मुखदुर्बळ. सोळा वर्षांत त्याने सगुणकडे कधी काही मागितलं नव्हतं. दुसरे ड्रायव्हर त्याची थट्टा करत, की याला तहान लागली तर हा विहिरीलासुद्धा सांगायचा नाही.

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात, अकरा तारखेच्या बुधवारी, शिफ्ट सुटल्यावर धोंडिबा टाइम ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात धरून.

"सगुणबाब, माका शुक्रवारची सुटी व्हयी होती."

"तुझी सुटी मंगळवारी. काल घेतलीस की."

"व्हय. पण चेडवाक बघूक माणसां येतत. बांद्याची. तेंका शुक्रवारच जमता. बापूस घरात नसलो तर बरां दिसणा नाय."

मुलीला बघायला बांदा गावचे पाहुणे येणार होते, आणि खाणीवर नेमक्या त्या आठवड्यात रजा बंद होत्या. बंदरात खनिज भरायला जहाज लागलेलं होतं. पण दोघांनी आपसात सुट्या बदलून घेतल्या तर चालायचं, फक्त तक्त्यात तसं लिहावं लागे. धोंडिबाने तीही सोय करून आणली होती. महेश नावाच्या ड्रायव्हरची सुटी शुक्रवारी. तो शुक्रवारी येणार आणि धोंडिबाचा पुढचा मंगळवार घेणार. महेश कबूल होता.

सगुणने कॉम्प्युटर उघडला. धोंडिबाच्या रकान्यात सतरा तारीख होती, तिच्या जागी तेरा लिहिली. त्याबरोबर खालची चोवीस तारीख वीस झाली, त्याखालची सत्तावीस झाली, आणि डिसेंबराच्या शेवटापर्यंत धोंडिबाचे सगळे मंगळवार शुक्रवार झाले. शेजारच्या माणसाच्या तारखा धोंडिबाच्या तारखांवरून काढलेल्या, त्यामुळे त्याही हलल्या, आणि त्याच्या पलीकडच्याही. बघता बघता सगळा तक्ता सरकला. सगुणने घाईघाईने तेरा खोडून परत सतरा लिहिली, तेव्हा कुठे सगळ्या तारखा जागेवर बसल्या.

"नाही जमत रे," तो म्हणाला. "एक तारीख हलवली की खालच्या सगळ्या हलतात. साऱ्या माणसांचा घोळ होईल."

धोंडिबाने त्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "एकच दिवस होतो, बाब."

"मला कळतं. पण मशीन ऐकत नाही."

"बरां तर," धोंडिबा म्हणाला आणि टोपी घालून गेला. दुसरा कुणी असता तर भांडला असता, साहेबांकडे गेला असता, नाहीतर न सांगता गावी निघून गेला असता. धोंडिबाच्या स्वभावात यातलं एकही नव्हतं. त्याच्या घरी फोन नव्हता. घराशेजारच्या दुकानात फोन करून त्याने तेवढा निरोप दिला, की येणं जमत नाही.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास तो माती ओतायला डंपर मागे घेत होता. मातीच्या ढिगाची कड मागच्या चाकांखाली ढासळली आणि डंपर त्याला घेऊन खाली गेला. बाहेर काढला तेव्हा तो गेलेलाच होता. गावी बांद्याची माणसं पोहे खाऊन चहाची वाट बघत होती, तेव्हा दुकानदार ही बातमी घेऊन आला. ती माणसं उठून निघाली. पुढे त्यांच्याकडून काही कळवणं आलं नाही.

चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी हजेरी मागितली, तक्ता मागितला. सगुणचे कागद चोख होते. धोंडिबा ज्या दिवशी असायला हवा त्याच दिवशी कामावर होता. "रेकॉर्ड असं पाहिजे," एक अधिकारी म्हणाला. सगुणने मान हलवली. बुधवारी धोंडिबा दारात आला होता, हे कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

महेशने मात्र एकदा विषय काढला. चहाच्या गाड्यावर दोघेच होते. "तुम्ही ती तारीख बदलली असती ना सगुणबाब, तर त्या कडेवर मी असतो," तो म्हणाला. "माझी दोन पोरं लहान आहेत. तुम्हाला काय म्हणावं ते मला कळत नाही." सगुणने अर्धा चहा तसाच ठेवला. पण मनाशी तो एक गोष्ट धरून होता. आपण करून बघितलं होतं. ते होण्यासारखं नव्हतं, म्हणून झालं नाही. दीड वर्ष तो त्याच आधारावर जगला.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात रोहिणी नावाची मुलगी त्याच्या हाताखाली आली. डिचोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, कामाला चलाख. एका ड्रायव्हरला सुटी बदलून हवी होती. सगुण नेहमीचं वाक्य बोलला, एक हलवली की सगळ्या हलतात.

"नाही हलत, काका," रोहिणी म्हणाली. "बघा. ही तारीख बदलायची, आणि तिच्या खालच्या चौकोनात तो अधिक सातचा फॉर्म्युला ठेवायचा नाही, पुढची तारीख हाताने लिहायची. शेजारच्याचंही तसंच. वरचा बदल तिथंच थांबतो."

तिने दोन-तीन तारखा लिहिल्या. बाकीचा तक्ता जागचा हलला नाही.

"हे असं करता येतं हे नवीन आलं काय?" सगुणने विचारलं.

"नाही हो. पहिल्यापासूनच येतं."

सगुण उठून बाहेर गेला. डबा त्या दिवशी उघडलाच नाही. घरी आल्यावर पार्वतीने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, बुधवारपासून. धोंडिबाच्या बायकोकडे जाऊन सांगतो म्हणाला.

"तुमचं ओझं उतरेल," पार्वती म्हणाली. "तिचं काय?"

तरी रविवारी तो डिचोलीहून दोडामार्गची बस धरून गेला.

सिंधू, धोंडिबाची बायको, अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मुलगी सुप्रिया, जिला बघायला माणसं आली होती ती, पाणी घेऊन आली आणि दाराशी थांबली. सगुणने पाणी प्यायलं नाही. जे झालं ते आधीपासून सांगितलं. शेवटी म्हणाला, "दोन चौकोन हाताने भरायचे होते. मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही."

ती ओरडेल, हाकलून देईल, असं त्याला वाटत होतं. पण सिंधूच्या कानात चौकोन वगैरे काही शिरलंच नव्हतं. ती वेगळ्याच ठिकाणी अडली होती.

"म्हणजे तेंनी सुटी मागल्यानी?"

"हो."

"तोंडान मागल्यानी?"

"हो. बुधवारी. दारात उभा राहून. महेशला बदलीसाठी तयार करून आला होता."

सिंधू खाली बसली. "माका वाटला, मागल्यानीच नाय," ती म्हणाली. "जन्मात कोणाकडे काय मागूक नाय, ता आता काय मागतले. पाव्हण्यांच्या समोर मी तसांच बोललंय. बापसाक चेडवाची पडलेली नाय, असां. मी ह्या बोलतंय, आणि दुकानदार इलो."

ती रडली नाही. पदराला लागलेली माती झटकत राहिली. मग म्हणाली, "परत सांगा. काय काय बोलले ते सगळां सांगा."

सगुणने परत सांगितलं. टोपी हातात होती हे सांगितलं, बापूस घरात नसला तर बरं दिसणार नाही असं म्हणाला होता तेही सांगितलं. दाराशी उभी असलेली सुप्रिया तेवढं ऐकून आत निघून गेली.

"दीड वर्स तुम्ही ह्या पोटात ठेवलात," सिंधू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तारखेचा माका काय समजणा नाय. ती चूक असात, नसात. पण ह्या तुम्ही तेराव्याक येवन सांगूक होया होता."

सगुणने मान खाली घातली. तिने त्याला जेवायला थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा तो आपणच उठला.

पुढल्या वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. रोहिणी पणजीला नोकरीला गेली, महेश गावी जाऊन रिक्षा चालवू लागला. सगुण आमोण्याला घरी बसला, नदीकाठची थोडी शेती होती ती बघू लागला. सुप्रियाचं लग्न ठरल्याचं त्याला महेशकडून कळलं, तारखेसकट. आमंत्रण आलं नाही. येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी तो सकाळी शेतावर गेला, पण हातून काही काम झालं नाही. दुपारी परत आला तेव्हा पार्वतीने ताट वाढलेलं होतं. दोघं जेवायला बसली.