बहात्तर ठोके

बेडूक चिरायचा मला पहिल्यापासून तिटकारा. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्याने असं म्हणू नये, पण म्हणतो. त्यामुळे दुबईला असलेल्या मेहुण्याने टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हा दोन महिने खपून मी त्यावर हृदय धडधडवलं. एक बटण दाबलं की पडद्यावरचं हृदय विश्रांतीतले बहात्तर ठोके देई, दुसरं दाबलं की धावल्यानंतरचे एकशेदहा. मशीनची मेमरी तुटपुंजी, म्हणून आजारी हृदय मी वगळलं. प्राचार्यांनी नारळ फोडला आणि हार घातला, मला नव्हे, मशीनला. जिल्ह्यात असं कुणी केलेलं नाही, हे मीच सगळ्यांना सांगत फिरायचो.

प्रॅक्टिकल सोपं झालं. मुलांनी आधी पडद्यावरचे ठोके मोजायचे, मग कुणाची तरी नाडी धरायची आणि दोन्ही आकडे जर्नलात लिहायचे. एकदा आमच्याच गावची, आमच्या घराला लागून राहणारी मुलगी म्हणाली, "सर, शिपाईकाकांची नाडी छप्पन्नच लागते."

शिपाई रोज सायकलने घाटी चढून यायचा. रोजच्या मेहनतीने बसल्या वेळची नाडी संथ होते; त्याची छप्पन्न असणारच, हे मला ठाऊक होतं. पण तास संपत आला होता आणि दारात पाहुणे मशीन बघायला उभे होते.

"यंत्र चुकत नाही, तू चुकलीस. परत मोज."

वर्ग हसला. तिने परत मोजल्यासारखं केलं आणि बहात्तर लिहिलं. मी खाली सही ठोकली.

मे महिन्यात ती सुट्टीला गावी गेली. मी कॉलेजातच थांबलो, कौतुक करून घेत. तिकडे माझ्या वडिलांना काजूच्या बागेत भोवळ आली. गावात डॉक्टरकी शिकणारी पोर म्हणजे डॉक्टरच, म्हणून आईने तिलाच हाक मारली. तिने मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाली. सावंतवाडीला इस्पितळात दाखवायला निघालेल्या वडिलांनी सदरा काढून परत खुंटीला लावला. तिसऱ्या दिवशी ते बागेतच कोसळले आणि गेले.

"नाडी बरी आसा म्हणान सांगल्यान," आई म्हणाली. "मगे हे खंय ऐकतत?"

बारावं झाल्यावर मी शेजारच्या अंगणात गेलो. डोकं पेटलं होतं. नाडी किती लागली होती, ते विचारलं. ती रडायलाच लागली.

"अडतीस, सर. दोनदा मोजलंय. माका वाटला, माझाच चुकला."

अडतीस ठोक्यांच्या माणसाला त्याच दिवशी इस्पितळात न्यायचं असतं, हे मी तिला शिकवलं नव्हतं. आकडा मशीनशी जुळला नाही तर चूक आपली, हे मात्र पक्कं शिकवलं होतं. नेलं असतं तर वडील वाचले असते की नाही, कोण जाणे. चूक माझी आहे, हे तिथेच मोठ्याने म्हणायला हवं होतं. आई पलीकडे आमच्या खळ्यातून, घरापुढच्या अंगणातून, ऐकत होती.

"असू दे," एवढंच म्हणून मी परत फिरलो. लाज वाटली.

गावाने तिला बोल लावला. दिवाळीनंतर तिने कॉलेज सोडलं. मी त्याच मशीनवर आणखी तीन वर्षं शिकवलं. आई शेवटपर्यंत त्या पोरीशी बोलली नाही, आणि मी ते चालू दिलं.