नुटाराकचा उलटा समुद्र

नुटाराकइतका नीट दगड कोरणारा उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ खाडीवर दुसरा झाला नाही. जन्मात त्याच्या हातून एकच चूक झाली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. मी त्याची चुलतबहीण. छापखान्यात तो कोरायचा, मी शाई लावून कागद दाबायची.

दगडावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून चित्र आधी खिडकीच्या काचेवर पालथं धरून गिरवायचं, मग दगडावर घ्यायचं. वीस वर्षं त्याने हे चुकवलं नाही. पण त्या वर्षी म्हाताऱ्या सीआजाआजीचं चित्र आलं तेव्हा दक्षिणेत विकायचे छाप न्यायचं विमान येऊन ठेपलं होतं. आजीने आमची खाडीच काढली होती. मधे बेट, उजवीकडे प्रवाहाने खालून कुरतडलेला बर्फ, आणि डावीकडून जाणारी कुत्र्यांची गाडी. घाईत त्याने ते सरळच दगडावर उतरवलं.

पहिला छाप बघून आजी हसली. "माझ्या कुत्र्यांना बुडवायला निघालास की रे मेल्या!"

"असू दे गं आजी," नुटाराक म्हणाला. "दक्षिणेकडच्यांना काय कळतंय त्यातलं? त्यांच्या भिंतीवर काय भरती येणार आहे?"

मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पन्नास छाप निघाल्यावर नियमाप्रमाणे आम्ही दगड घासून टाकला. एक छाप त्याने लेकाला, सिमिओनीला, वसतिगृहात पाठवला. पोराला तेराव्या वर्षी शाळेसाठी दक्षिणेत नेलं होतं. बापाने बर्फ शिकवायचं वय असं परमुलखात गेलं.

सिमिओनी परतला तो एकोणीस वर्षांचा होऊन, मार्चमध्ये. दोनच दिवसांनी सकाळी छापखान्यात डोकावला. खांद्यावर बंदूक होती.

"बाबा, सील मारायला चाललोय. कुत्र्यांची गाडी नेतो."

"थांब की जरा. एवढा दगड झाला की मी येतो."

"तुम्ही बसा दगड कोरत! आत्या, संध्याकाळी ताजं काळीज खायला ये."

"वाट माहितीय का रे?" मी विचारलं.

"तोंडपाठ आहे. सहा वर्षं बाबांचं चित्र उशाशी होतं माझ्या."

नुटाराकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "बघ, पोरगं माझंच आहे!" असं म्हणत त्याने पुढचं चित्र उचललं, पालथं केलं, काचेवर धरलं आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं रे?"

"त्याच्याकडचं चित्र उलटं आहे," तो म्हणाला.

तो कोटाशिवायच धावला. शेजाऱ्याची गाडी घेतली, मी मागे बसले. सिमिओनीच्या गाडीचा माग बेटापर्यंत सरळ होता. तिथून तो उजवीकडे वळला होता. पुढे उघड्या पाण्यावर वाफ उठत होती. नुटाराक पोटावर सरपटत कडेपर्यंत गेला, आणि मी त्याचे पाय धरून ठेवले. तो हाका मारत राहिला. पोर काही सापडलं नाही.

त्याने परत छिन्नी हातात घेतली नाही.

जूनमध्ये माझ्या लेकीला मुलगी झाली. गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं, मग ते बाळ म्हणजे तोच, अशी आमची रीत. ती सिमिओनी झाली. नुटाराक तिला 'लेका' म्हणतो, ती त्याला 'बाबा' म्हणते. आता ती चार वर्षांची आहे. खाडी गोठली की रोज तो तिला किनाऱ्यावर नेतो. माझी लेक दारात जीव मुठीत धरून उभी असते, पण नाही म्हणायची तिची छाती होत नाही.

काल मीही त्यांच्याबरोबर होते.

"बेटाच्या डावीकडून जायचं, लेका."

"कळलं हो बाबा! रोज रोज काय तेच सांगता?"

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "त्या दिवशी तू निघालास," तो म्हणाला, "तेव्हा सांगितलं नव्हतं ना."