सोळा तारांचं चाक

धाकट्याने नवी सायकल दारात लावली, त्या सकाळपासून थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं.

दोघे भाऊ एकाच लॉन्ड्रीत. हॉटेलांतून मळक्या चादरींची गाठोडी आणायची, धुतलेल्या नेऊन द्यायच्या. थोरल्याच्या जुन्या सायकलीच्या मागच्या चाकाला चाळीस तारा. धाकट्याच्या चाकाला मोजून सोळा. चाकातून पलीकडची भिंत दिसे.

"कोळ्याने अर्धवट टाकलेलं जाळं," थोरला म्हणाला.

"पण पळते बघा कशी!" त्याचीच बायको म्हणाली. घरचेच फितूर, तर बोलायचं कोणाला?

आणि सायकल पळे खरीच. थोरला घामाने निथळत पोचे, तेव्हा धाकटा चहा पीत बसलेला असे. "या आजोबा," इस्त्रीवाल्या बायका हसत. त्यात मालक म्हणाले, हॉस्पिटलचं बारमाही काम येतंय, दोघांत जो चपळ त्याला देऊ.

"ही सगळी सायकलीची करामत," थोरला घरी म्हणाला. "उद्या अदलाबदल कर. मग कळेल."

"दादा, ओलं ओझं तिला झेपत नाही."

"म्हणजे मला चालवता येत नाही?"

"बरं बाबा, घे."

दुसऱ्या दिवशी थोरला वाऱ्यावर स्वार झाला. त्या भरात त्याने ओल्या टॉवेलांची दोन गाठोडी एकदम कॅरिअरवर आवळली. वळणावरच्या खड्ड्यात 'टण्ण' झालं. चाळिसांतली एक तार तुटली तर चाकाला पत्ता लागत नाही; सोळांतली एक तुटली आणि चाक असं वाकडं, आउट झालं, की रिम ब्रेकला घासून हलेना.

सायकल ढकलत निघाला, तर मागून ओळखीची घंटा. त्याच्याच सायकलीची, वर धाकटा.

"दे दादा, गाठोडी इकडे."

"राहू दे तुझी दया." पण टॉवेल खोळंबले होते. दिली.

थोरल्याचं ते जुनं धूड दुप्पट ओझं घेऊन कुरकुरत निघून गेलं, त्याच्या पायाखाली कधी गेलं नव्हतं इतक्या जोरात. आता सायकलीलाही बोल लावायची सोय उरली नाही. हॉस्पिटल धाकट्याला मिळालं.

संध्याकाळी धाकटा नवी तार घालून अंगणात तारा आवळायच्या चावीशी झटत होता. जिथे सैल करायचं, तिथे आवळत होता. ते बघून थोरल्याला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"सरक. एवढंही येत नाही?"

चाक फिरवत, ऐकत त्याने एकेक तार लावत आणली. शेवटची राहिली. ती अर्धा फेरा सैल सोडली असती, तर आठवड्यात चाक पुन्हा आउट झालं असतं, आणि कोणाला काही कळलं नसतं. चावी थांबली. आतून आईचा आवाज आला, "धाकटा माझा गुणाचा हो!" थोरल्याने दात-ओठ खाल्ले आणि तो अर्धा फेरा आवळला. चाक दोरीत फिरू लागलं.

"दादा, तुझ्यासारखा हात नाही कोणाचा."

"कळलं. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी हिच्यावर लादू नकोस. माझी सायकल ने. कोरडे कपडे मी हिच्यावर पोचवीन."

दारापर्यंत जाऊन तो वळला.

"आणि उद्या मी आधी पोचलो, तर सायकलीचं नाव घ्यायचं नाही. सांगून ठेवतो."