खड्ड्याला पाजलेलं पाणी

जमिनीवर इतका संशय घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक भावकीवर संशय घेतात, वजनकाट्यावर घेतात. नांदेडच्या आमच्या घरातले भाडेकरू सर पायाखालच्या मातीवर घ्यायचे. रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरांना पाया कसा घालावा याचं प्रशिक्षण देणं ही त्यांची नोकरी. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी ना नळ पाहिला, ना संडास. अंगणातलं ढेकूळ उचललं, पाणी मागून भिजवलं आणि तळहातावर त्याची शेवई वळत बसले. म्हणाले, "मालक, घर चांगलं हाय, पण पूर्वेची भिंत तडकणार." घर बांधून वर्षसुद्धा झालं नव्हतं. भिंत पुढे तडकली, पण म्हणून माझा राग गेला असं नाही.

जी माती बारीक वळते ती भिजल्यावर दगा देते, असं ते वर्गात घोकून घ्यायचे. ही वळायची खोड पंगतीतही सुटायची नाही. एका बारशाला त्यांनी पुरण बोटांत वळून पाहिलं आणि वाढायला आलेल्या यजमानीणबाईंना गंभीरपणे सांगितलं, "ओल जास्त झाली." त्या बाई अजून त्यांचं नाव काढलं की तोंड फिरवतात. विद्यार्थ्यांवर मात्र त्यांचा भारी जीव. त्यातला उदगीरकडचा एक मुलगा तर इतका लाडका, की माझ्या बायकोने सरांना दिलेला लाडू निम्मा त्याच्याच पोटात जायचा.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि जो तो रस्ते, पूल, कचेऱ्या उरकायच्या मागे लागला. त्याच सुमारास पावसाने दडी मारली. अहमदपूरच्या पुढे एका ओढ्यावर पूल निघाला आणि तो बांधायला नेमका हाच मुलगा आला. खड्डा काढला तर काळी माती वाळून अशी टणक झालेली, की पहार उसळायची. वरचे साहेब खूश. एवढी घट्ट जमीन असताना खाली मुरुमापर्यंत जायचंच कशाला? मुलाने बोलावलं म्हणून आलेले सर म्हणाले, आधी खड्डा भिजवा, मग घट्टपणा बघू. त्यासाठी त्यांनी टँकर मागितला. गावात टँकरपुढे घागरींची रांग लागलेली. रांगेतल्या एका म्हातारीने सरळ विचारलं, "माणसं तहानेनं मरायलीत अन् तुमी खड्ड्याला पाणी पाजता का?" सरांनी टँकरची मागणी तिथेच मागे घेतली. मीही तेच केलं असतं.

मग सरांनी अंघोळ सोडली. त्यांच्या वाट्याचं अंघोळीचं पाणी ते कॅनमध्ये साठवू लागले. माझी बायको नाकाला पदर लावून चहा द्यायची. कॅन भरले तसे आम्ही दोघे एसटीत बसलो. मी का गेलो, देव जाणे. कंडक्टरने दरडावून विचारलं, "रॉकेल हाय काय?" सर म्हणाले, "न्हाई, पाणी हाय." तसा तो आवाज खाली आणून म्हणाला, "मग पायात धरा. लोकांना दिसू देऊ नका."

खड्ड्याच्या एका कोपऱ्यात सरांनी ते पाणी सोडलं. मुक्काम करून सकाळी पाहिलं, तर जिथे पहार उसळत होती तिथे अंगठा आत जात होता. मुलाने स्वतः अंगठा घालून पाहिला. "खालीच जावं लागंल, सर," तो म्हणाला. सर घरी येऊन अंघोळ करते झाले आणि बायकोने देवापुढे साखर ठेवली.

पण पाया शेवटी वरच, काळ्या मातीतच भरला गेला. साहेबांना उद्घाटनाची घाई आणि मुलाला साहेबांची भीती. पुढच्या वर्षी सगळे ज्याची वाट बघत होते तो पाऊस आला, आणि पुलाचा एक खांब खचला. माणूस मेला नाही, एवढंच नशीब. चौकशीत साहेब बिनदिक्कत बोलले, की या पोरांना प्रशिक्षणच नीट मिळालेलं नाही. सरांना विचारलं, जमीन भिजवून बघायची असते हे याला शिकवलं होतं का? मी सरांच्या सोबतीला गेलो होतो, दाराशीच उभा होतो. मुलगा मान खाली घालून समोर. सरांनी हो म्हटलं असतं तर त्याची नोकरी तिथेच गेली असती. सर म्हणाले, "न्हाई. माझं शिकवायचं राहून गेलं."

वर्ग बंद झाला आणि सरांना कुठल्याशा गोदामावर नेऊन बसवलं. मुलगा तोंड दाखवायलाही आला नाही. आता तो मोठा साहेब आहे आणि प्रशिक्षणाच्या महत्त्वावर भाषणं ठोकतो म्हणे. त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला आजही वाटतं.

पूल दुरुस्त झाल्यावरही सर त्याच्या अलीकडे एसटी थांबवायला लावायचे आणि "तेवढंच वजन कमी" म्हणत चालत पूल ओलांडायचे. एकदा मीही उतरलो. मधोमध उभं राहून मी त्यांना सुनावलं, "खोटं बोललात तुम्ही. त्याला सगळं शिकवलं होतं."

"मातीचं शिकवलं होतं, मालक," कठड्यावरून खाली बघत ते म्हणाले. "साहेबाला न्हाई कसं म्हणायचं, ते राहिलं. मला तरी कुठं येत होतं."

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. मला कोणी एसटी थांबवून देत नाही. पूल आला की मी बसल्या जागी दोन्ही पाय गाडीच्या फळीवरून उचलून धरतो. शेजारचा विचारतो, पाय दुखतात का. मी हो म्हणतो.