कुंपणाबाहेरचा हरभरा

बैल जुंपण्याआधी धुडकू आबा प्रत्येकाला विचारायचे, "कोना घर उतरशात?" शहाद्याकडच्या आमच्या गावातून तोरणमाळच्या शिवरात्रीच्या यात्रेला त्यांचीच गाडी जायची. "कोनाच घर नहीं, देवले जाई ऱ्हायनूत," असं कुणी म्हटलं की आबा जू खाली ठेवत. "देव काय पळी जाई ऱ्हायना का? पहिले माणूसले भेटा!"

त्यांचा माणूस म्हणजे वेस्ता पावरा. घाटाच्या पायथ्याशी त्याच्या अंगणात गाडी सुटायची, मुक्काम व्हायचा आणि सकाळी सगळे पायी वर चढायचे. आबा त्याच्यासाठी मीठ नेत, वेस्ता मध देई. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे सगळं नीट लिहिता येईल की नाही, मला शंका आहे. पण त्या अंगणात परकेपणा कधी वाटला नाही, एवढं नक्की.

पुढे मोटारलॉरी सुरू झाली. गाडीचा खर्च न झेपणारी, कधी गावाबाहेर न पडलेली माणसंही यात्रेला निघाली, आणि ते मला चांगलंच वाटलं. आबांची गाडी मात्र रिकामी राहिली. क्लीनर त्यांना चिडवायचा, "आबा, तुन्हा बैल पोचतीन तवलोंग आम्ही दर्शन लिसन घर येसूत!"

"ये ना भाऊ. पन तठे तुले वळखनार कोन शे?"

एका शिवरात्रीला वेस्ताला भेटायला आबा स्वतःच लॉरीत बसले. मीही होतो. पायथ्याशी उतरलो, तर आधीच्या लॉऱ्यांतली माणसं वेस्ताच्या शेतातला हरभरा उपटून खात होती. आमच्याकडे वाटसरूने वाटेवरच्या शेतातून मूठभर हरभरा घेतला, तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. त्यांनीही प्रत्येकी तेवढाच घेतला होता. पण निम्मं शेत उघडं पडलं होतं.

वेस्ता बांधावर उभा होता. "आबा, मी आते काटा टाकसू. अंगन बी बंद."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी एका तरुणाला हाक मारली.

"मूठभरच ते लिधं, आबा!" तो म्हणाला.

"हा रे भाऊ. पन तुन्हा मांगे कितला लोक शेतस, देख तरी."

त्याने मागे पाहिलं आणि हातातले घाटे खाली ठेवले. आबा रागावले नाहीत. त्यांनी जमेल तेवढ्यांना वेस्तापुढे नेऊन नाव-गाव सांगायला लावलं. एका बाईने शिदोरी सोडून वेस्ताच्या बायकोला भाकरी दिली. तिने सगळ्यांना पाणी आणलं. वेस्ता मात्र बांधावरून हलला नाही.

पुढच्या वर्षी शेताला काट्यांचं कुंपण दिसलं. आबा लॉरीतून उतरता उतरता थबकले. मग जवळ जाऊन हसायला लागले. "देख, बाहेर बी पेरेल शे!" कुंपणाबाहेर, वाटेला लागून, हरभऱ्याचा एक अरुंद पट्टा होता.

त्या पावसाळ्यात आबा वारले. मी पुण्याला होतो.

यंदा सुट्टी काढून यात्रेला गेलो. लॉऱ्या वाढल्या आहेत. वेस्ताने काटे आणखी आत सरकवले आहेत. बाहेरचा पट्टा चांगला रुंद झाला आहे. लॉरीतली दोन पोरं बांधाशी थांबून "काका, लेऊ का?" असं विचारत होती. वेस्ताने त्यांना मान डोलावली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आबाना गावना ना तू? ये, बस."